नकाराचा अधिकार यंत्राला कुणी दिला?

एआय आलं की दलाल जाईल, लाच जाईल, फाइल अडणार नाही आणि गरिबाचा हक्क सरळ गरिबाच्या पदरात पडेल, असं हल्ली जो तो सांगतो. हैदराबादच्या परिषदांत मंत्री सांगतात, दिल्लीच्या घोषणांत अधिकारी सांगतात, वर्तमानपत्रांचे अग्रलेख सांगतात. आदिलाबादहून हैदराबादला जाऊन सॉफ्टवेअरमध्ये लागलेली आमचीच मुलं सुटीत घरी आली की ओसरीवर बसून तेच सांगतात. ती खोटं बोलत नाहीत, त्यांना मनापासून तसं वाटतं. म्हणूनच या म्हणण्याला मुद्द्याला धरून उत्तर द्यायला हवं.

म्हणणं असं आहे. माणूस पक्षपाती असतो, यंत्र नसतं. मंडल ऑफिसातल्या कारकुनाला जात दिसते, ओळख दिसते, नोटा दिसतात. संगणकाला फक्त नोंदी दिसतात. चुका होतील, पण माणसापेक्षा कमी होतील. भाषेचा अडसर होता, तो भाषांतराच्या यंत्रणांनी दूर केला. शेतकऱ्याला किडीचा आणि पावसाचा सल्ला मोबाइलवर मिळू लागला. आता यावर शंका घेणं म्हणजे जग चंद्रावर जात असताना बैलगाडीचा हट्ट धरणं.

यातला एकेक मुद्दा आदिलाबादमध्ये आणून तपासला की तो टिकत नाही. आदिलाबादच का? कारण राष्ट्रीय योजना ज्या सरासरी नागरिकासाठी आखली जाते, तो नागरिक आमच्याकडे क्वचित भेटतो. हा जिल्हा निजामाच्या राज्यातला. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके यातून निघून मराठी मुलखात गेले. बाकीचा जिल्हा आंध्रात गेला आणि 2014 मध्ये तेलंगणात आला. 2016 मध्ये त्याचे चार तुकडे झाले. पैनगंगेच्या काठाने बेला, जैनथ, भीमपूर, तामसी या मंडलांत घराघरात मराठी बोलतात. ‘अंध’ या आदिवासी जमातीची मायबोली मराठीच. परधान गोंडीही बोलतात आणि मराठीही. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरकडे गोंड आहेत, कोलाम आहेत, थोटी आहेत, लंबाडे आहेत. शहरात उर्दू आहे. सरकारी कागद तेलुगूत आणि इंग्रजीत निघतो. आजोबाचा जमिनीचा कागद उर्दूत, बापाची शाळेची टीसी मराठीत, मुलाचं आधार तेलुगूत, असं घर आमच्याकडे शोधावं लागत नाही.

आता यंत्राकडे वळू. तेलंगणाला याचा अनुभव देशात लवकर आला. ऑगस्ट 2014 मध्ये एका दिवसात राज्यभर समग्र कुटुंब सर्वेक्षण झालं. पुढे त्यात तीसेक खात्यांची माहिती मिसळून ‘समग्र वेदिका’ ही यंत्रणा उभी राहिली: वाहन नोंदणी, मालमत्ता, वीज, पेन्शन, नोकरी, सगळं एका माणसाच्या नावापुढे जोडायचं आणि तो रेशनला पात्र आहे की नाही हे ठरवायचं. जोडण्याचं सॉफ्टवेअर एका खासगी कंपनीचं. निरनिराळ्या खात्यांतल्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ते नाव-पत्त्याच्या साधर्म्यावरून ठरवतं.

2014 ते 2019 या काळात तेलंगणात 18.6 लाखांहून अधिक रेशन कार्डं रद्द झाली आणि 1 लाख 42 हजारांवर नवे अर्ज फेटाळले गेले. कार्डधारकांना नोटीस गेली नाही. लोक दुकानात धान्य आणायला गेले तेव्हा त्यांना कळलं. रद्द झालेली सगळी कार्डं चुकीने रद्द झाली असं कुणी म्हणत नाही. त्यात मेलेल्यांची होती, दुहेरी होती, सधनांचीही होती. पण हैदराबादेत रिक्षा ओढणाऱ्या एका माणसाला यंत्राने नामसाधर्म्यावरून मोटारगाडीचा मालक ठरवलं आणि त्याच्या कुटुंबाचं धान्य बंद झालं. पुढे तो गेला, आणि त्याच्या विधवेला आपल्या नवऱ्याकडे कधी मोटार नव्हती हे सिद्ध करत वर्षानुवर्षं कचेऱ्या आणि कोर्ट पाहावं लागलं. या प्रकरणात लाच कुणी मागितली होती? कुणीच नाही. कारकुनाने आकस धरला होता का? तोही नाही. माणसाचा पक्षपात पूर्ण बाजूला काढला होता, तरी अन्याय झाला. आणि कारकून मध्ये नसल्यामुळे तक्रार कुणाकडे न्यायची हेच त्या बाईला कळेना.

मला सर्वांत जास्त चीड याची येते. लाचखोर कारकून वाईटच. पण त्याला नाव असतं, खुर्ची असते, त्याच्यावर साहेब असतो. त्याच्या विरोधात अर्ज करता येतो, आमदाराला सांगता येतं, गावाला घेऊन त्याच्या दारात बसता येतं. समग्र वेदिकेने नाकारलेल्या माणसाला काय उत्तर मिळालं? ‘कंप्युटरने काढलंय, आमच्या हातात नाही.’ पत्रकारांनी माहिती अधिकारात सॉफ्टवेअरचा आराखडा मागितला, तर कंपनीच्या हक्कांकडे बोट दाखवून तो नाकारण्यात आला. गरिबाच्या घरातलं धान्य कोणत्या नियमाने बंद झालं ते त्याला सांगायचं नाही, आणि याला पारदर्शकता म्हणायचं?

यंत्र निःपक्ष असतं म्हणणाऱ्यांना मी आमच्याकडचं एक साधं नाव देतो. ज्ञानेश्वर. महाराष्ट्रात हे नाव इंग्रजीत लिहिताना डी, एन, वाय अशी सुरुवात होते. तेलुगू वळणाने तेच नाव जी, एन असं सुरू होतं. यवतमाळच्या शाळेत शिकलेल्या आणि बेला मंडलात शेती करणाऱ्या ज्ञानेश्वरच्या टीसीवर एक स्पेलिंग आणि पासबुकावर दुसरं. शिवाय मराठी माणूस स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव असं लिहितो. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव पुढे येतं आणि बहुतेक वेळा एका अक्षरावर आटोपतं. गोंडांमध्ये तर मेस्राम, आत्राम, सिडाम, तोडसाम अशा मोजक्या आडनावांत अख्खी गावं सामावलेली. एकाच मंडलात एकाच नावाची पाच माणसं निघणं ही रोजची गोष्ट. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला दरवर्षी जमणारे हजारो मेस्राम एकाच कुळाचे आहेत. नावाच्या साधर्म्यावर चालणारं यंत्र इथे दोन्ही बाजूंनी चुकणार: एका माणसाला दोन समजणार आणि दोघांना एक. गावच्या रेशन दुकानदाराची अशी चूक होत नाही. तो दोघांनाही चेहऱ्याने ओळखतो.

आणि सीमेवरची गावं? परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आणि त्यांच्या शेजारची मिळून 14 गावं कित्येक दशकं महाराष्ट्राची की तेलंगणाची या वादात आहेत. जुन्या आदिलाबादच्या केरामेरी मंडलात ती मोडतात आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातही. तिथल्या लोकांकडे दोन राज्यांची रेशन कार्डं आहेत, दोन्हीकडे मतदान आहे, शाळाही दोन भाषांच्या आहेत. ही दोन सरकारांनी निर्माण केलेली परिस्थिती आहे; लोकांनी ती मागितली नाही. दुहेरी नोंदी हुडकणाऱ्या यंत्राला या माणसांमध्ये काय दिसेल? लबाड दिसतील. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला सीमावाद त्याच्या तक्त्यात कुठे बसणार?

पुढचा मुद्दा थोड्या चुकांचा. यंत्र चुकलं तरी टक्का किरकोळ, असं सांगतात. हा टक्काही आपल्याला ठाऊक आहे, तोसुद्धा सरकारने आपण होऊन शोधला म्हणून नव्हे. सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांच्या याचिकेवर एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द कार्डांची प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी करायला सांगितलं, म्हणून. फेरतपासणीसाठी सुमारे 4.92 लाख अर्ज आले. जुलै 2022 पर्यंत त्यांतले सुमारे 2.05 लाख तपासून झाले, त्यांत 15,471 कुटुंबं पात्र निघाली. साडेसात टक्के. किरकोळ? एका कार्डावर चार माणसं धरली तर साठ हजार तोंडं झाली, तीही फक्त तपासून झालेल्या अर्जांत. ज्यांनी अर्जच केला नाही, ज्यांना अर्ज करता येतो हेच कळलं नाही, जे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेर होते, ते या हिशेबात नाहीत. साडेसात टक्के रुग्णांना चुकीचं रक्त देणाऱ्या दवाखान्याला कुणी ‘बहुतांशी यशस्वी’ म्हटलं असतं का?

चूक कुणाच्या अंगावर पडते, हेही पाहायला हवं. सधन माणसाचं कार्ड चुकून चालू राहिलं तर सरकारचं महिन्याला काही किलो तांदळाचं नुकसान. गरिबाचं चुकून बंद झालं तर त्याच्या चुलीचं. हे दोन तोटे एका तराजूत घालून ‘एकूण अचूकता’ काढणं मला निर्दयपणाचं वाटतं. शिवाय चूक निस्तरायचा खर्च यंत्र करत नाही. मंडल ऑफिसला जायचं भाडं, बुडालेली मजुरी, मीसेवा या सरकारी सेवा केंद्रातली फी, झेरॉक्स, हे सगळं ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच सोसायचं. गादीगुड्याच्या डोंगरातल्या कोलामाला जिल्ह्याच्या गावी एकदा जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो.

हे आमच्याच मागासपणामुळे घडलं असंही कुणी समजू नये. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत, सुशिक्षित देशात कर खात्याने संगणकी जोखीम-मापनावर विसंबून बालसंगोपन अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांना लबाड ठरवलं, त्यांत परदेशी मुळाचे पालक जास्त होते. त्या प्रकरणात जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियात तर एआयही नव्हतं, वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढणारा साधा हिशेब होता. त्यावरून लाखो लोकांकडे न घेतलेल्या कर्जाची वसुली लावली. ते बेकायदा ठरलं, पैसे परत द्यावे लागले आणि 2023 मध्ये रॉयल कमिशनने त्यावर कडक अहवाल दिला. तिथे निदान सरकार गेलं, आयोग बसला. आमच्याकडे 18.6 लाख कार्डांसाठी कोणत्या अधिकाऱ्याची साधी बदली झाली?

आता भ्रष्टाचार संपण्याविषयी. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी जानेवारी 2023 पासून सगळीकडे मोबाइल ॲपवर, फोटो काढून सक्तीची झाली. हेतू बोगस मजूर पकडण्याचा. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना परिपत्रक काढावं लागलं: कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून चढवतात, मजुरांच्या संख्येत आणि फोटोतल्या माणसांत मेळ नाही. लबाडी करणाऱ्याला ॲपची पळवाट लगेच सापडली. अडकली ती खरोखर काम केलेली बाई, जिचा फोटो नेटवर्क नसल्यामुळे चढला नाही आणि मजुरी बुडाली. अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी जुलै 2025 पासून चेहऱ्याची ओळख पटवण्याची सक्ती आहे. अंगणवाडी ताई आहार घ्यायला आलेल्या बाईला जन्मापासून ओळखते, तिचं बाळंतपण तिने पाहिलंय. तरी फोन ‘जुळत नाही’ म्हणाला की पाकीट द्यायचं नाही. शेजारणीच्या डोळ्यांपेक्षा फोनच्या कॅमेऱ्यावर जास्त विश्वास ठेवायचा, हे कोणत्या अनुभवावरून ठरलं?

भाषेचा अडसर दूर झाला म्हणणाऱ्यांशी मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण हा दावा आमच्या जिल्ह्यात सर्वांत गोड वाटतो. केंद्राची ‘भाषिणी’ ही भाषांतराची यंत्रणा 2022 मध्ये आली, ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांभोवती उभी आहे. मराठी त्यात आहे. गोंडी आणि कोलामी परिशिष्टातच नाहीत. आदिवासी भाषांसाठी 2025 मध्ये ‘आदिवाणी’ सुरू झाली. सुरुवातीच्या चार भाषांत संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी आहेत, कोलामी नाही. गोंडी आली याचा आनंद आहे. पण बस्तरची गोंडी आणि आमची गोंडी यांत किती अंतर आहे ते नारनूरच्या बाजारात जाऊन ऐका. आमच्या गोंडीत मराठी आणि तेलुगू शब्द पिढ्यान् पिढ्या मिसळलेत. याच नारनूर मंडलात गुंजाळा नावाचं गाव आहे. तिथल्या वडीलधाऱ्यांनी जपलेल्या पोथ्यांमधून गोंडीची स्वतःची लिपी पुन्हा उजेडात आली. हैदराबाद विद्यापीठाचे जयधीर तिरुमल राव आणि गावच्या जाणत्यांनी तिच्यासाठी कष्ट घेतले, आणि 2018 मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. हे काम माणसांनी केलं. यंत्राला आज ती लिपी ओळखता येत असेल तर याच म्हाताऱ्यांमुळे.

मराठीचं दुखणं वेगळं आहे. यंत्राला मराठी उत्तम येते, पण तेलंगणाची कचेरी त्याला ती बोलू देत नाही. राज्याची भाषा तेलुगू, दुसरी उर्दू. बेल्याच्या शेतकऱ्याला संदेश येतो तो तेलुगूत किंवा इंग्रजीत. मुंबईच्या माणसाला एआय मराठीत कविता करून देतं, आणि पैनगंगेच्या काठावरच्या मराठी म्हातारीला आपली पेन्शन का थांबली हे मराठीत सांगणारा एक कागद मिळत नाही. तंत्र नाही म्हणून अडलेलं नाही. ते कोणासाठी चालवायचं याचा निर्णय वर झाला आहे, आणि त्यात तिचा विचार झालेला नाही.

शेतीकडे येऊ, कारण आदिलाबाद म्हणजे कापूस. इथल्या मार्केट यार्डात दिवाळीनंतर ट्रॅक्टर, बंड्या आणि टेम्पोंची रांग लागते. एआय शेतकऱ्यासाठी काय काय करतंय त्याची यादी मला ठाऊक आहे. फेरोमोन सापळ्यातल्या बोंडअळीच्या पतंगांचा फोटो काढला की मोजणी करून फवारणीचा सल्ला देणारं ‘कॉटनएस’ आहे. ऑगस्ट 2024 पासून केंद्राची राष्ट्रीय कीड निगराणी यंत्रणा आहे. 2025 च्या खरिपात 13 राज्यांतल्या 3.8 कोटी शेतकऱ्यांना एआयच्या साहाय्याने काढलेला पावसाच्या आगमनाचा अंदाज संदेशाने गेला. शेजारच्या महाराष्ट्राने शेतीतल्या एआयसाठी 500 कोटींचं धोरण मंजूर केलं. यातलं काही उपयोगी आहे, ते मी नाकारत नाही. पण आदिलाबादचा शेतकरी मरतो कुठे? पतंग मोजता येत नाहीत म्हणून?

यार्डातलं दृश्य पाहा. नोव्हेंबरची सकाळ, दवाने ओली. रात्रभर रांगेत थांबलेल्या बंडीतल्या कापसात एक माणूस ओलावा मोजायच्या यंत्राची टोकदार दांडी खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव. पुढे प्रत्येक टक्क्याला कपात. बारापुढे गेलं की सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, माल घेत नाही. आकडा 14 येतो. शेतकरी म्हणतो, दुसऱ्या जागी लावून बघा, खालचा माल कोरडा आहे. कधी ऐकतात, कधी नाही. परतलेल्या बंडीभोवती व्यापारी जमतात आणि 2025-26 मध्ये क्विंटलला 8,110 रुपये हमीभाव असलेला लांब धाग्याचा कापूस त्यांच्या भावाने जातो. 2025 च्या हंगामात यावर आणखी दोन थर चढले: ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून स्लॉट घेतल्याशिवाय सीसीआयची खरेदी नाही, आणि एकरी 7 क्विंटलच्या वर माल नाही. ते ॲप एआय नाही, हे मला कळतं. पण विचार तोच आहे: माणसाशी बोलायचं नाही, नोंद सांगेल ते खरं.

आणि नोंद कोणाची? ज्याच्या नावावर जमीन त्याची. आमच्या एजन्सी, म्हणजे अनुसूचित आदिवासी, भागात 1959 चा आणि 1970 मध्ये कडक केलेला जमीन हस्तांतरणाचा कायदा आहे. आदिवासींच्या जमिनी राखण्यासाठी तो हवाच. पण त्याच भागात पिढ्यान् पिढ्या नांगर धरणारे गैरआदिवासी गरीब आहेत, त्यांत मराठी बोलणारे दलित पुष्कळ. त्यांना पट्टा नाही. वनहक्काचा दावा अडलेले गोंड आणि कोलाम आहेत. कौलाने करणारे आहेत. 2020 मध्ये ‘धरणी’ पोर्टल आलं, तक्रारींचा डोंगर झाला. 2025 मध्ये त्याच्या जागी ‘भूभारती’ आली. जमिनीची नोंदच इतकी वादग्रस्त असताना तिच्यावर एआय बसवलं तर काय होईल? जी चूक काल एका रजिस्टरात होती ती उद्या रेशनमध्ये, पीकविम्यात, कर्जात आणि कापसाच्या स्लॉटमध्ये एका दमात पसरेल. शेतात उभं असलेलं पीक खरं की पडद्यावरची ओळ खरी, हे ठरवायला तिथे माणूस जावा लागतो.

मी यंत्राच्या विरोधात आहे का? नाही, आणि आदिलाबादचा कुणीही नाही. टीबीच्या तपासणीत हातात मावणारं एक्स-रे यंत्र पाड्यावर नेतात आणि एआय छातीचा फोटो वाचून संशयित वेगळे काढतं. ते रात्रंदिवस चालू दे. त्यात यंत्र फक्त एवढंच म्हणतं की या माणसाला डॉक्टरांनी तपासावं. चुकलं तर एक जादा थुंकी-तपासणी होते. ताडोब्याच्या बफरमधल्या गावांत कॅमेऱ्याला वाघ दिसला की भोंगा वाजतो. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून आमच्या शेतांत येतात, इथेही तसे कॅमेरे बसवा. पावसाचा अंदाज पाठवा, अळीचा इशारा द्या, अर्ज लिहायला मदत करा. या सगळ्यात यंत्र माणसाला काही देतं किंवा सावध करतं. रेशन बंद करताना ते हिरावून घेतं. हा फरक आमच्या गावातल्या न शिकलेल्या माणसालाही कळतो, मग धोरण लिहिणाऱ्यांना तो का दिसत नाही?

त्यामुळे शंका घेणाऱ्यांवर मारला जाणारा ‘प्रगतीचे शत्रू’ हा शिक्का मी परत पाठवतो. पोरांच्या शिक्षणासाठी म्हैस विकणारा, यूट्यूबवर बियाण्याचे व्हिडिओ पाहणारा, फोनवरून पैसे पाठवणारा शेतकरी प्रगतीचा शत्रू कसा? तो एवढंच विचारतो की माझं नाव का काढलं. या प्रश्नाचं उत्तर नसलेली व्यवस्था मागासलेली आहे.

उद्योगाबद्दल थोडक्यात. एआयमुळे रोजगार येतील, असं सांगतात. हैदराबादजवळ 200 एकरांवर एआय सिटी होणार, ठीक. आदिलाबादेत केंद्र सरकारचा सिमेंटचा कारखाना 1998 पासून बंद पडून आहे. तो चालू करा म्हणता म्हणता एक पिढी म्हातारी झाली. जिल्ह्यात रोजगार आणायचा असेल तर सुरुवात कुठून करायची, हे कळायला कुठल्याही संगणकाची गरज नाही.

राहिला कायदा. मार्च 2024 मध्ये केंद्राने इंडिया एआय मिशनला सुमारे 10,372 कोटी रुपये मंजूर केले. प्रोसेसर, मॉडेल, स्टार्टअप यांची तजवीज झाली. नोव्हेंबर 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलं की एआयसाठी वेगळ्या कायद्याची सध्या गरज नाही. 2023 चा व्यक्तिगत माहितीचा कायदा सरकारला अनुदान आणि लाभांच्या कामासाठी आपली माहिती आपल्या संमतीविना वापरू देतो, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं व्यक्तिगत माहितीचं कलमही आवळलं. म्हणजे सरकारला आपल्याबद्दल सगळं कळणार, आणि सरकारने आपल्याबद्दल काय ठरवलं ते आपल्याला कळणार नाही. एवढा असमतोल कोणत्याही लोकशाहीत चालू नये.

म्हणून माझी मागणी सौम्य शब्दांत मांडण्याची मला गरज वाटत नाही. रेशन, पेन्शन, मजुरी, पोषण आहार, शेतमालाची खरेदी, यांपैकी काहीही नाकारण्याचा अधिकार कोणत्याही यंत्राला असता कामा नये. यंत्राने संशय घ्यावा. नकार नाव आणि हुद्दा असलेल्या अधिकाऱ्यानेच द्यावा, तो घरी जाऊन पाहिल्यावर द्यावा, लेखी द्यावा आणि त्या माणसाला समजेल त्या भाषेत द्यावा: बेल्यात मराठीत, इंद्रवेल्लीत गोंडीत वाचून दाखवून. निर्णय होईपर्यंत लाभ चालू राहावा. चूक निघाली तर बुडालेलं धान्य आणि पैसे परत मिळावेत. आणि जनतेच्या पोटावर चालणारं सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीचं गुपित असू नये. यातली घरी जाऊन पडताळणीची गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने याच राज्याला 2022 मध्ये सांगून ठेवली आहे.

ज्यांच्या हातात हा लेख पडेल त्यांना एक विनंती आहे. आपल्या गावात कुणाचं कार्ड, पेन्शन किंवा मजुरी थांबली असेल तर त्याच्यासोबत जा. दर सोमवारी कलेक्टर कचेरीत प्रजावाणी, म्हणजे तक्रारींची सुनावणी, असते. तिथे अर्ज द्या, कारण लेखी मागा, शिक्का मारलेली पोच घ्या आणि ‘कंप्युटरने काढलं’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.